घटक ६ : शब्दसूचीपासून तक्त्यापर्यंत – कमांड लाइनच्या साधनांनी मजकुराची मांडणी

अनुक्रम

६.१ उद्दिष्टे
६.२ प्रास्ताविक
६.३ विषय-विवेचन
 ६.३.१ ओळ, रकाना आणि विभाजक
 ६.३.२ साधनांची ओळख
 ६.३.३ रकाने सरळ लावणे
 ६.३.४ रिकाम्या घराचा प्रश्न
 ६.३.५ क्रम लावणे आणि मोजणे
 ६.३.६ देवनागरी शब्दाची रुंदी
 ६.३.७ अंतिम तक्ता तयार करणे
६.४ सारांश
६.५ पारिभाषिक शब्द
६.६ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे
६.७ सरावासाठी स्वाध्याय
६.८ उपक्रम

६.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपणांस –

• भाषाविषयक नोंदी ओळी व रकान्यांच्या स्वरूपात शिस्तीने टिपता येतील.
• कमांड लाइनवरील साध्या आज्ञांनी त्या नोंदींचा नीटनेटका तक्ता तयार करता येईल.
• नोंदींचा क्रम लावता येईल व वर्गवार संख्या काढता येईल.
• देवनागरी मजकुराचे रकाने पडद्यावर वेडेवाकडे का दिसतात, याची कारणे सांगता येतील.
• नीटनेटका दिसणारा तक्ता बरोबर आहे की नाही, हे तपासता येईल.

६.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मराठीच्या शब्दसंग्रहाचा अभ्यास करताना तत्सम, तद्भव, देशी आणि परभाषीय अशा शब्दांच्या याद्या आपण केल्या असतील. वीस-पंचवीस शब्दांची यादी वहीत सहज मावते. प्रकल्पासाठी शे-पाचशे शब्द गोळा झाले, की मात्र वही अपुरी पडू लागते. ‘अरबीतून आलेले शब्द किती?’, ‘त्यांतील कारभाराशी संबंधित किती?’ असे प्रश्न विचारले, की प्रत्येक वेळी सगळी पाने उलटावी लागतात. उत्तर तरीही खात्रीचे नसते.

शब्दाची माहिती ठरावीक खणांत विभागून ठेवण्याची पद्धत आपल्या कोशपरंपरेला नवी नाही. मोल्सवर्थ यांच्या १८३१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व १८५७ मध्ये दुसरी आवृत्ती निघालेल्या मराठी-इंग्रजी कोशात शब्दाचे मूळ एखाद्या अक्षराच्या संक्षेपाने दाखवलेले आढळते. शब्द, लिंग, मूळ, अर्थ हा क्रम बहुधा ठरलेला असल्यामुळे वाचकाला हवी ती माहिती नेमक्या जागी सापडते. संगणकावर तक्ता करताना आपण हेच तत्त्व अधिक काटेकोरपणे पाळतो.

हे काम स्प्रेडशीटमध्येही करता येते. येथे मात्र आपण कमांड लाइनच्या साधनांचा, म्हणजे टर्मिनल नावाच्या खिडकीत आज्ञा टंकून चालवायच्या छोट्या छोट्या साधनांचा परिचय करून घेणार आहोत. त्यामागे दोन कारणे आहेत. ही साधने लिनक्स आणि मॅक प्रणालींत असतातच. विंडोजवर लिनक्सची उपप्रणाली व अँड्रॉइड मोबाइलवर टर्मक्स हे ॲप घेऊन तीच साधने विनामूल्य वापरता येतात. दुसरे कारण अभ्यासपद्धतीचे आहे. आपण तक्ता कोणत्या पायऱ्यांनी केला, हे आज्ञेच्या रूपाने लिखित राहते. मार्गदर्शक किंवा दुसरा अभ्यासक तीच आज्ञा चालवून आपले निष्कर्ष पडताळू शकतो.

या घटकाचे मुख्य सूत्र आरंभीच लक्षात घ्यावे : तक्त्याची रचना आणि तक्त्याचे दर्शनी रूप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रचना चुकलेला तक्ताही सुबक दिसू शकतो, आणि पाहणाऱ्याला त्याचा संशयही येत नाही.

६.३ विषय-विवेचन

६.३.१ ओळ, रकाना आणि विभाजक

तक्त्याची कच्ची सामग्री साध्या मजकुराच्या धारिकेत ठेवावी. एका नोंदीसाठी एक ओळ, आणि ओळीतील प्रत्येक माहितीसाठी एक रकाना. दोन रकाने वेगळे करणाऱ्या चिन्हाला विभाजक म्हणतात. पुढील उदाहरणात अपूर्णविराम हे चिन्ह विभाजक आहे, आणि रकान्यांचा क्रम शब्द, अर्थक्षेत्र, मूळ भाषा, मध्यस्थ भाषा असा आहे. ज्या भाषेच्या द्वारे शब्द मराठीत पोहोचला, ती येथे मध्यस्थ भाषा. या धारिकेला आपण ‘शब्दसूची’ असे नाव देऊ.

तारीख:कारभार:अरबी:फारसी
अर्ज:कारभार:अरबी:फारसी
हुकूम:कारभार:अरबी:फारसी
बाजार:व्यापार:फारसी:
बटाटा:आहार::पोर्तुगीज
चावी:गृहोपयोगी:पोर्तुगीज:
पाव:आहार:पोर्तुगीज:
स्टेशन:प्रवास:इंग्रजी:
तूप:आहार:कन्नड:

विभाजक निवडताना एकच कसोटी लावावी : ते चिन्ह नोंदीच्या मजकुरात कोठेही येता कामा नये. ‘मूळ भाषा’ यासारख्या दोन शब्दांच्या मजकुरामुळे मोकळी जागा विभाजक म्हणून चालत नाही. अर्थ देताना आपण स्वल्पविराम वापरतो, म्हणून तोही धोक्याचा ठरतो.

अपूर्णविरामाच्या बाबतीत मराठीचा एक खास धोका आहे. ‘दुःख’, ‘अंतःकरण’, ‘निःशब्द’ अशा शब्दांत विसर्ग असतो. कळफलकावर विसर्ग पटकन सापडला नाही, की पुष्कळजण त्याच्या जागी अपूर्णविराम टंकतात. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. संगणकाच्या दृष्टीने मात्र ती दोन स्वतंत्र चिन्हे आहेत. अशा नोंदीत ‘दु’ हा एक रकाना आणि ‘ख’ हा दुसरा रकाना होतो, आणि पुढची सगळी माहिती एकेक घर उजवीकडे सरकते. म्हणून विसर्ग विसर्गाच्याच कळीने टंकावा. मोठ्या कामासाठी टॅब हे चिन्ह विभाजक म्हणून अधिक सुरक्षित आहे, कारण ते शब्दाच्या लेखनात कधीच येत नाही. येथील उदाहरणांत छापील पानावर दिसावा म्हणून अपूर्णविराम घेतला आहे.

६.३.२ साधनांची ओळख

कमांड लाइनवरील आज्ञा रोमन लिपीत टंकाव्या लागतात. या घटकात त्यांची नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टंकताना पुढील अक्षरे वापरावीत. ती सर्व लहान अक्षरे आहेत.

कॉलम (सी, ओ, एल, यू, एम, एन) – रकाने एकाखाली एक लावते.
सॉर्ट (एस, ओ, आर, टी) – ओळींचा क्रम लावते.
कट (सी, यू, टी) – हवे ते रकाने वेगळे काढते.
युनिक (यू, एन, आय, क्यू) – लागोपाठच्या सारख्या ओळी एकत्र करते व मोजते.
कॅट (सी, ए, टी) – धारिका जोडून पुढे पाठवते.
ऑक (ए, डब्ल्यू, के) – प्रत्येक ओळीचे रकाने पाडून त्यांवर अट लावते.
डब्ल्यूसी (डब्ल्यू, सी) – ओळी, शब्द, चिन्हे वा बाइट मोजते.

आज्ञेनंतर उणे चिन्ह देऊन एखादे अक्षर लिहिले, की तो आज्ञेचा ‘पर्याय’ होतो. उदाहरणार्थ, ‘-टी’ म्हणजे उणे चिन्ह आणि लगेच रोमन टी हे अक्षर. आज्ञेतील अंकही रोमन लिपीबरोबर वापरले जाणारे आंतरराष्ट्रीय अंकच टंकावेत.

या साधनांची खरी शक्ती त्यांना एकमेकांशी जोडण्यात आहे. एका आज्ञेतून बाहेर पडलेला मजकूर दुसऱ्या आज्ञेत सोडण्यासाठी दोहोंमध्ये ‘|’ हे उभे दंडचिन्ह देतात. त्याला पाइप म्हणजे नळी म्हणतात. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत डग मॅकिलरॉय यांनी या जोडणीची कल्पना मांडली आणि केन थॉम्पसन यांनी १९७३ मध्ये ती युनिक्स प्रणालीत आणली. प्रत्येक साधनाने एकच काम करावे आणि ते चांगले करावे, हा विचार त्यामागे होता. ऑक हे साधन त्याच प्रयोगशाळेत १९७७ मध्ये तयार झाले. आहो, वाइनबर्गर आणि कर्निघन या तीन निर्मात्यांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून त्याला हे नाव मिळाले.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – १
(अ) विभाजक निवडताना कोणती कसोटी लावावी?
(आ) ‘अंतःकरण’ या शब्दात विसर्गाऐवजी अपूर्णविराम टंकला, तर वरील शब्दसूचीत काय घडेल?

६.३.३ रकाने सरळ लावणे

शब्दसूची तक्त्याच्या रूपात पाहण्यासाठी पुढील आज्ञा पुरेशी आहे.

कॉलम -टी -एस ':' शब्दसूची

येथे ‘-टी’ हा पर्याय ‘तक्ता कर’ असे सांगतो, आणि ‘-एस’ नंतर विभाजक दिला आहे. ही आज्ञा प्रथम सर्व ओळी वाचते, प्रत्येक रकान्यातील सर्वांत रुंद नोंद कोणती ते पाहते, आणि त्या रुंदीइतकी जागा प्रत्येक ओळीत मोकळी सोडते. आपण स्पेसची कळ दाबून जे काम अंदाजाने करतो, तेच ती मोजून करते. उद्या यादीत एखादा लांब शब्द आला, तरी आज्ञा पुन्हा चालवली की रकाने नव्या रुंदीने लागतात.

यावरून एक नियम निघतो. मूळ धारिकेत रकाने सरळ दिसावेत म्हणून कधीही जादा मोकळ्या जागा टाकू नयेत. त्या जागा मजकुराचाच भाग ठरतात, आणि मग ‘अरबी’ व ‘अरबी’पुढे मोकळी जागा असलेली नोंद या संगणकाच्या लेखी दोन वेगळ्या भाषा होतात.

६.३.४ रिकाम्या घराचा प्रश्न

शब्दसूचीतील ‘बटाटा’ची ओळ पुन्हा पाहा. तेथे मूळ भाषेचे घर रिकामे आहे, म्हणून दोन अपूर्णविराम लागोपाठ आले आहेत. कॉलमच्या जुन्या आवृत्त्यांत आणि मॅकसारख्या काही प्रणालींत लागोपाठचे दोन विभाजक एकच धरले जातात. तसे झाले, की रिकामे घर नाहीसे होते आणि ‘पोर्तुगीज’ ही नोंद मध्यस्थ भाषेच्या रकान्यातून सरकून मूळ भाषेच्या रकान्यात बसते. पडद्यावर असे दिसते :

चावी गृहोपयोगी पोर्तुगीज
बटाटा आहार पोर्तुगीज
पाव आहार पोर्तुगीज

या तक्त्यात काही बिघडले आहे, असे कोणाच्याही लक्षात येणार नाही. ‘बटाटा’ची ओळ ‘चावी’च्या ओळीसारखीच दिसते. वस्तुतः नोंद करणाऱ्याने मूळ भाषा मुद्दाम मोकळी ठेवली होती. हा शब्द पोर्तुगीजांच्या द्वारे मराठीत आला, हे निश्चित आहे. परंतु बटाटा मुळात अमेरिका खंडातून आलेला असल्याने शब्दाचा उगम आणखी मागे शोधावा लागतो. कॅरिबियन बेटांवरील टायनो भाषेकडे अभ्यासक त्यासाठी बोट दाखवतात. विद्यार्थ्याने खुला ठेवलेला प्रश्न तक्त्याने परस्पर मिटवून टाकला, आणि ते करताना एकही चूक-सूचना दिली नाही. पुढे कोणी हा दिसणारा तक्ता पाहून पोर्तुगीज मूळ असलेले शब्द मोजले, तर दोनऐवजी तीन हे उत्तर मिळेल.

यावर उपाय सोपा आहे. एकही घर रिकामे ठेवू नये. रिकाम्या घराचे अर्थ मात्र दोन असू शकतात, ते वेगळे दाखवावेत. ‘बाजार’ हा शब्द फारसीतून थेट आला, त्याला मध्यस्थ भाषा नाही. तेथे ‘-’ हे चिन्ह द्यावे. ‘बटाटा’ची मूळ भाषा आहे, पण आपण ती अजून निश्चित केलेली नाही, तेथे ‘?’ हे चिन्ह द्यावे. ‘नाही’ आणि ‘माहीत नाही’ यांतील भेद संशोधनात फार मोलाचा असतो. सुधारलेल्या ओळी अशा होतील :

बाजार:व्यापार:फारसी:-
बटाटा:आहार:?:पोर्तुगीज

‘चावी’, ‘पाव’, ‘स्टेशन’ आणि ‘तूप’ या ओळींच्या शेवटीही ‘-’ हे चिन्ह भरावे. सर्व ओळींत चार-चार रकाने आहेत ना, हे नंतर ऑकच्या साहाय्याने तपासावे.

ऑक -एफ ':' 'एनएफ != ४' शब्दसूची

येथील एफ आणि एनएफ ही अक्षरे मोठी टंकायची आहेत. एनएफ म्हणजे त्या ओळीतील रकान्यांची संख्या. ज्या ओळींत ही संख्या चार नाही, तेवढ्याच ओळी पडद्यावर येतात. ‘दुःख’ या शब्दात विसर्गाऐवजी अपूर्णविराम पडला असेल, तर ती ओळ येथे सापडते. काहीच दिसले नाही, तर रकान्यांची संख्या सर्वत्र बरोबर आहे. ही तपासणी तक्ता करण्यापूर्वी दर वेळी करावी.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – २
(अ) ‘-’ आणि ‘?’ या दोन चिन्हांच्या योजनेत कोणता भेद आहे?
(आ) वरील ऑक आज्ञेने पडद्यावर काहीच न दाखवणे, याचा अर्थ काय?

६.३.५ क्रम लावणे आणि मोजणे

मूळ भाषेनुसार आणि एका भाषेतील शब्द पुन्हा वर्णक्रमाने लावायचे असतील, तर आज्ञा अशी :

सॉर्ट -टी ':' -के ३,३ -के १,१ शब्दसूची

सॉर्टच्या बाबतीत ‘-टी’ने विभाजक सांगितला जातो. ‘-के ३,३’ म्हणजे आधी तिसऱ्या रकान्यावरून क्रम लाव, आणि ‘-के १,१’ म्हणजे तेथे सारखेपणा आढळला तर पहिल्या रकान्यावरून लाव.

क्रमाच्या बाबतीत मराठी अभ्यासकाने सावध राहावे. युनिकोडमध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला एक क्रमांक दिलेला आहे, आणि प्रणालीची मांडणी साधी असेल तर सॉर्ट त्या क्रमांकांनुसार चालते. युनिकोडमध्ये ‘ळ’चे स्थान ‘ल’च्या पुढे आणि ‘व’च्या आधी आहे. मराठी वर्णमालेत मात्र आपण ‘ळ’ला ‘ह’नंतर स्थान देतो. त्यामुळे क्रमांकानुसार ‘काल, काळ, कावळा, कासव, काहूर’ असा क्रम लागतो. वर्णमालेनुसार तो ‘काल, कावळा, कासव, काहूर, काळ’ असा हवा. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये नंतर समाविष्ट झाल्याने त्याचा क्रमांक देवनागरी अंकांच्याही पुढचा आहे. म्हणून ‘ॲसिड’सारखा शब्द यादीच्या अगदी तळाशी जाऊ शकतो. शिवाय हेच अक्षर ‘अ’ आणि चंद्र अशा दोन चिन्हांनीही टंकता येते. दिसायला दोन्ही सारखी असली, तरी संगणक त्यांना भिन्न शब्द मानतो. एका धारिकेत एकच पद्धत पाळावी, हे उत्तम.

आता मूळ भाषेनुसार शब्दसंख्या काढू.

कट -डी ':' -एफ ३ शब्दसूची | सॉर्ट | युनिक -सी | सॉर्ट -आरएन

कट तिसरा रकाना वेगळा काढते. सॉर्ट सारख्या भाषा शेजारी आणते. युनिक त्यांची संख्या मोजते. शेवटची सॉर्ट संख्येनुसार उतरत्या क्रमाने ओळी लावते. युनिक फक्त लागोपाठच्या सारख्या ओळी ओळखते, म्हणून तिच्याआधीची सॉर्ट वगळता येत नाही. आपल्या शब्दसूचीतून मिळणारे उत्तर असे असेल :

३ अरबी
२ पोर्तुगीज
१ फारसी
१ कन्नड
१ इंग्रजी
१ ?

सर्व संख्यांची बेरीज नऊ येते, आणि शब्दसूचीतील ओळीही नऊच आहेत. ही बेरीज पडताळण्याची सवय लावून घ्यावी. मोजणी नेहमी मूळ धारिकेवरून करावी; पडद्यावर सजवलेल्या तक्त्यावरून करू नये.

६.३.६ देवनागरी शब्दाची रुंदी

कॉलमने रकाने लावले, तरी देवनागरीत ते पुष्कळदा किंचित पुढे-मागे दिसतात. याचे कारण समजण्यासाठी ‘शब्द किती लांब आहे?’ या प्रश्नाकडे पाहावे लागेल. या प्रश्नाला एकच उत्तर नाही.

आपण वाचतो ती अक्षरे. युनिकोडमध्ये साठवली जातात ती चिन्हे. त्यात व्यंजन, काना, वेलांटी, उकार आणि हलन्त यांना स्वतंत्र स्थान असते. ती चिन्हे प्रत्यक्ष लिहिली जातात बाइटमध्ये. आज सर्वत्र रूढ असलेली यूटीएफ-८ ही पद्धत केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी १९९२ मध्ये तयार केली. तीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. चौथे माप पडद्यावरील घरांचे. टर्मिनलचा पडदा वहीच्या चौकटीच्या कागदासारखा सारख्या घरांत विभागलेला असतो. लिनक्सवर सामान्यतः वापरल्या जाणाऱ्या रुंदीच्या कोष्टकात व्यंजनाला एक घर मिळते. काना, वेलांटी यांसारख्या अक्षराशेजारी जागा घेणाऱ्या चिन्हांनाही एक घर मिळते. उकार, मात्रा, अनुस्वार आणि हलन्त ही अक्षराच्या खाली-वर बसतात, म्हणून त्यांना शून्य घरे दिलेली आहेत.

चार शब्दांची चारही मापे अशी आहेत :

शब्द | अक्षरे | चिन्हे | बाइट | घरे
तारीख | ३ | ५ | १५ | ५
हुकूम | ३ | ५ | १५ | ३
स्टेशन | ३ | ६ | १८ | ४
पोर्तुगीज | ४ | ९ | २७ | ७

‘तारीख’ आणि ‘हुकूम’ या शब्दांची पहिली तीन मापे तंतोतंत सारखी आहेत. तरी एकाला पाच घरे लागतात आणि दुसऱ्याला तीन. काना आणि वेलांटी बाजूला जागा मागतात, उकार मागत नाहीत, एवढाच हा फरक आहे. ज्या साधनात बाइट मोजून जागा सोडली जाते, तेथे देवनागरीचा रकाना हमखास बिघडतो. बारा एवढी रुंदी मागितली आणि शब्द पंधरा बाइटचा निघाला, तर ते साधन शब्दापुढे एकही मोकळी जागा सोडत नाही. पडद्यावर मात्र शब्द पाचच घरांचा असतो. कॉलमच्या लिनक्समधील आवृत्त्या घरे मोजतात, त्यामुळे त्यांचे काम बरेच चांगले होते. तरीही अडचण उरते. ‘क्ष’सारखे जोडाक्षर कोष्टकानुसार दोन घरांचे असते, पण टर्मिनलचा टंक ते किती जागेत रेखाटील, हे त्या टंकावर अवलंबून असते. म्हणून एकच तक्ता एका टर्मिनलवर सरळ आणि दुसऱ्यावर वाकडा दिसू शकतो.

आपल्या शब्दांची मापे स्वतः पाहण्यासाठी शब्द डब्ल्यूसी आज्ञेकडे पाठवावा. ‘-सी’ पर्यायाने बाइट आणि ‘-एम’ पर्यायाने चिन्हे मोजली जातात. ओळीच्या शेवटी असणारे अदृश्य चिन्हही त्यात धरले जाते, त्यामुळे एकाने जास्त उत्तर आल्यास गोंधळू नये.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – ३
(अ) ‘चावी’ आणि ‘तूप’ या शब्दांची अक्षरे, चिन्हे, बाइट व घरे सांगा.
(आ) देवनागरी रकाने दोन टर्मिनलांवर वेगळे का दिसू शकतात?

६.३.७ अंतिम तक्ता तयार करणे

देवनागरीची ही मर्यादा ध्यानात घेऊन तीन उपाय योजावेत. पहिला उपाय म्हणजे दोन रकान्यांमध्ये दिसणारी उभी रेघ ठेवणे. रेघ थोडी हलली, तरी कोणती नोंद कोणत्या रकान्यातील, याविषयी शंका राहत नाही. दुसरा उपाय म्हणजे संख्या, वर्ष, संक्षेप असे सारख्या रुंदीचे रकाने आधी आणि लांबी बदलणारा देवनागरी मजकूर शेवटच्या रकान्यात ठेवणे. शेवटच्या रकान्यानंतर काही लावायचे नसल्याने त्याची रुंदी चुकून चालते. तिसरा उपाय छपाईसाठी आहे. प्रकल्प-अहवालात तक्ता द्यायचा असेल, तर टॅबने विभागलेला मजकूर शब्दसंस्करण प्रणालीत नेऊन तेथील ‘मजकुराचा तक्ता करा’ ही सोय वापरावी. मोकळ्या जागांनी लावलेला तक्ता अहवालात चिकटवू नये. टंक बदलताच तो विस्कटतो.

शीर्षकाची ओळ शब्दसूचीत ठेवली, तर सॉर्ट तिला इतर ओळींत मिसळून टाकते. म्हणून ‘शब्द:अर्थक्षेत्र:मूळ भाषा:मध्यस्थ भाषा’ ही ओळ ‘शीर्षक’ नावाच्या वेगळ्या धारिकेत ठेवावी. मग सर्व पायऱ्या एकत्र जोडता येतात.

सॉर्ट -टी ':' -के ३,३ -के १,१ शब्दसूची | कॅट शीर्षक - | कॉलम -टी -एस ':' -ओ ' | ' > तक्ता

कॅटपुढील एकटे उणे चिन्ह नळीतून आलेल्या मजकुराची जागा दाखवते. ‘-ओ’ हा पर्याय रकान्यांमध्ये उभी रेघ घालतो. तो लिनक्समधील आवृत्तीत आहे, मॅकवरील आवृत्तीत नाही. ‘>’ या चिन्हाने उत्तर ‘तक्ता’ या नव्या धारिकेत जाते. मूळ धारिकेचेच नाव येथे कधीही देऊ नये; आज्ञा सुरू होताच ती धारिका रिकामी होते आणि सगळ्या नोंदी पुसल्या जातात. मिळणारा तक्ता असा :

शब्द | अर्थक्षेत्र | मूळ भाषा | मध्यस्थ भाषा
बटाटा | आहार | ? | पोर्तुगीज
अर्ज | कारभार | अरबी | फारसी
तारीख | कारभार | अरबी | फारसी
हुकूम | कारभार | अरबी | फारसी
स्टेशन | प्रवास | इंग्रजी | -
तूप | आहार | कन्नड | -
चावी | गृहोपयोगी | पोर्तुगीज | -
पाव | आहार | पोर्तुगीज | -
बाजार | व्यापार | फारसी | -

मांडणी अशी झाली, की तक्ता काही सांगू लागतो. येथील तिन्ही अरबी शब्द फारसीच्या द्वारे आले आणि तिन्ही कारभाराचे आहेत. फारसी ही दीर्घकाळ राज्यकारभाराची भाषा होती, या इतिहासाशी ते सुसंगत आहे. पोर्तुगीजांशी जोडलेले शब्द खाद्यपदार्थ आणि घरातील वस्तूंचे आहेत. नऊ शब्दांवरून सिद्धांत मांडता येत नाही. परंतु पाचशे शब्दांसाठी कोणता प्रश्न विचारावा, हे या नऊ ओळींतून सुचते. वरच्या ओळीतील प्रश्नचिन्हही शोधाचे काम अजून बाकी असल्याची आठवण देत राहते.

६.४ सारांश

भाषाविषयक नोंदी साध्या मजकुराच्या धारिकेत, एका ओळीत एक नोंद या पद्धतीने ठेवाव्यात. विभाजक असा निवडावा, की तो मजकुरात येणार नाही. मराठीत विसर्ग आणि अपूर्णविराम यांच्या गोंधळाकडे विशेष लक्ष द्यावे. रिकामी घरे ‘-’ किंवा ‘?’ यांनी भरावीत आणि ऑकच्या साहाय्याने रकान्यांची संख्या तपासावी. सॉर्ट, कट, युनिक आणि कॉलम ही साधने नळीने जोडून क्रम, मोजणी आणि मांडणी करता येते. देवनागरी शब्दाची लांबी अक्षरे, चिन्हे, बाइट आणि घरे अशा चार मापांनी मोजली जाते. पडद्यावरील रकाने किंचित हलण्याचे कारण यात आहे. रकाना दिसायला थोडा वाकडा असला तरी चालेल; त्यातील नोंद मात्र योग्य घरातच असली पाहिजे.

६.५ पारिभाषिक शब्द

धारिका : संगणकावर एका नावाखाली साठवलेला मजकूर.
विभाजक : दोन रकाने वेगळे करणारे चिन्ह.
पर्याय : आज्ञेचे वर्तन ठरवणारे, उणे चिन्हासह दिलेले अक्षर.
नळी (पाइप) : एका आज्ञेचे उत्तर दुसऱ्या आज्ञेला पुरवणारी जोडणी.
बाइट : संगणकात मजकूर साठवण्याचे मूलभूत एकक.
टंक : अक्षरांच्या आकारांचा संच, म्हणजे फाँट.

६.६ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

प्रश्न १ : (अ) ते चिन्ह नोंदीच्या मजकुरात कोठेही येता कामा नये. (आ) शब्दाचे ‘अंत’ आणि ‘करण’ असे दोन रकाने होतील, पुढील माहिती एक घर उजवीकडे सरकेल आणि त्या ओळीत पाच रकाने होतील.

प्रश्न २ : (अ) ‘-’ म्हणजे माहिती अस्तित्वातच नाही, ‘?’ म्हणजे माहिती आहे, पण अद्याप निश्चित झालेली नाही. (आ) सर्व ओळींत चार-चार रकाने आहेत.

प्रश्न ३ : (अ) चावी – अक्षरे २, चिन्हे ४, बाइट १२, घरे ४. तूप – अक्षरे २, चिन्हे ३, बाइट ९, घरे २. (आ) जोडाक्षरे आणि स्वरचिन्हे किती जागेत रेखाटायची, हे त्या त्या टर्मिनलवर आणि त्याच्या टंकावर अवलंबून असते.

६.७ सरावासाठी स्वाध्याय

१. ‘तक्त्याची रचना आणि तक्त्याचे दर्शनी रूप’ यांतील फरक ‘बटाटा’ या नोंदीच्या आधारे स्पष्ट करा.
२. अर्थक्षेत्रानुसार शब्दसंख्या काढणारी आज्ञा लिहा आणि तिच्या प्रत्येक टप्प्याचे कार्य सांगा.
३. युनिकोडचा क्रम आणि मराठी वर्णमालेचा क्रम यांतील भेद सोदाहरण लिहा.
४. टिपा लिहा : (अ) नळी (आ) रिकामे घर (इ) देवनागरी शब्दाची चार मापे.

६.८ उपक्रम

आपल्या घरात किंवा कामाच्या ठिकाणी रोज वापरात असलेले पन्नास परभाषीय शब्द गोळा करा. प्रत्येकाचे मूळ कोशात पाहून या घटकात दिलेल्या चार रकान्यांत नोंदवा. जेथे कोशांत एकमत आढळणार नाही, तेथे ‘?’ हे चिन्ह द्या. रकाने तपासून तक्ता तयार करा, मूळ भाषेनुसार मोजणी करा आणि वापरलेल्या आज्ञांसह तो आपल्या अभ्यासकेंद्रावरील संमंत्रकांना दाखवा.